हान्स बेट 1:2000, दिवाळीच्या किल्ल्याच्या हातांनी

ग्रीनलंड आणि कॅनडाचं एल्समीर बेट यांच्यामध्ये केनेडी चॅनल नावाची चिंचोळी सामुद्रधुनी आहे. तिच्या जवळजवळ मध्यावर, 80 अंश 49 मिनिटं उत्तर अक्षांशावर, हान्स बेट आहे. उत्तर-दक्षिण 1290 मीटर, पूर्व-पश्चिम 1199 मीटर, क्षेत्रफळ सुमारे 1.3 चौरस किलोमीटर, माथा 168 मीटर. सपाट रस्ता असता तर पंधरा मिनिटांत आरपार चालून झालं असतं. वस्ती नाही, झाडझुडूप नाही. इनुइट लोक त्याला टार्टुपालुक म्हणतात, म्हणजे मूत्रपिंडाच्या आकाराचं. हान्स हे नाव ग्रीनलंडच्या हान्स हेंड्रिक या वाटाड्याचं. 1853 ते 1876 या काळात त्यानं एकामागून एक ध्रुवीय मोहिमांना वाट दाखवली.

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी किंवा सोसायटीच्या क्लबहाऊससाठी ध्रुवीय बेटाची प्रतिकृती करायची तर याच्याइतकं सोयीचं बेट नाही. 1:2000 प्रमाणात ते 64.5 बाय 60 सेंटिमीटर भरतं आणि उंची येते 8.4 सेंटिमीटर. म्हणजे टेबलावर मावतं, डोळ्याला उंचवटा नीट दिसतो आणि उंची खोटी वाढवावी लागत नाही. ‘उंची दुप्पट करा, म्हणजे उठून दिसेल’ असा सल्ला हमखास मिळेल. तो मानू नका. उंची दुप्पट झाली की उतार दुप्पट चढे होतात आणि पाहणाऱ्याच्या मनात बेटाचं जे चित्र राहतं ते कायमचं चुकीचं राहतं.

ठाण्यात दिवाळीला किल्ला करणाऱ्या मुलांचा हात तयारच असतो, ही मोठी जमेची बाजू. मात्र किल्ल्याच्या तीन सवयी इथे सोडाव्या लागतात. मधोमध सुळका काढायचा नाही. ठाण्याजवळच्या येऊरच्या कातळासारखा काळा रंग द्यायचा नाही, कारण तो बसाल्ट आणि हे बेट सिल्युरियन काळातल्या, म्हणजे चाळीस कोटी वर्षांहून जुन्या, फिकट चुनखडीचं. आणि अळीव-मोहरी पेरून हिरवळ करायची नाही.

नकाशा: अर्ध्याहून जास्त काम इथेच

उंचीची माहिती म्हटलं की आपल्याकडे दोन नावं पटकन निघतात. पैकी एसआरटीएम, म्हणजे अमेरिकेच्या अवकाशयानानं रडारनं केलेली उंचीची मोजणी, 60 अंश उत्तरेच्या पुढे जातच नाही आणि इस्रोच्या भुवन या नकाशांच्या संकेतस्थळावरची कार्टोसॅट उपग्रहाची माहिती भारतापुरती आहे. इथे लागतं आर्क्टिकडेम, म्हणजे उत्तर ध्रुवाकडच्या जमिनीच्या उंचीची संगणकीय माहिती. मिनेसोटा विद्यापीठातलं पोलर जिओस्पेशियल सेंटर उपग्रहचित्रांवरून ते तयार करतं आणि मोफत देतं. दोन मीटरचा तपशील असलेला तुकडा उतरवा. तो जड वाटला तर दहा मीटरचाही चालेल, फक्त किनाऱ्याची वळणं थोडी बोथट होतात. काम करायला क्यूजीआयएस हे नकाशांचं मोफत सॉफ्टवेअर पुरतं. पुढे येणारे मेनू आणि आज्ञा त्यातल्याच.

पहिला खड्डा प्रक्षेपणाचा, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवण्याच्या पद्धतीचा. आर्क्टिकडेम ध्रुवीय स्टिरिओग्राफिक प्रक्षेपणात येतं, ईपीएसजी 3413 (ईपीएसजी हा प्रक्षेपणांचा सांकेतिक क्रमांक). त्यात 70 अंशावर प्रमाण बरोबर असतं. 81 अंशाजवळ मात्र अंतरं सुमारे 2.4 टक्के आखूड होतात आणि बेट एकवीस-बावीस अंश फिरलेलं दिसतं. तसंच छापलंत तर 64.5 सेंटिमीटरचं बेट 63 भरेल आणि कागदाची वरची बाजू म्हणजे उत्तर राहणार नाही. म्हणून रास्टर मेनूतल्या प्रोजेक्शन्समध्ये जाऊन ‘वार्प’नं ईपीएसजी 32619 करा, म्हणजे यूटीएमचा 19 उत्तर पट्टा. तिथेही खरी उत्तर कागदाच्या उभ्या रेषेपासून अडीच अंश डावीकडे असते. दिशेचा बाण त्याप्रमाणे काढा.

वेब नकाशाच्या प्रक्षेपणात, म्हणजे ईपीएसजी 3857 मध्ये, छपाई कधीच करू नका. या अक्षांशावर ते प्रक्षेपण लांबी सव्वासहा पटीनं फुगवतं. 1:2000 असं लिहिलेलं पान चार मीटरचं निघेल. नुसत्या अक्षांश-रेखांशात ठेवलंत तर बेट आडवं सहापट ताणलं जाईल, कारण इथे रेखांशाचा एक अंश जेमतेम पावणेअठरा किलोमीटरचा असतो आणि अक्षांशाचा एक अंश जवळपास 112 किलोमीटरचा.

दुसरा खड्डा शून्य उंचीचा, आणि यात जाणकारही पडतात. आर्क्टिकडेममधली उंची समुद्रसपाटीपासून मोजलेली नसते, डब्ल्यूजीएस 84 या गणिती लंबगोलापासून मोजलेली असते. तिथून सरळ समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, काढल्या तर शून्याची रेषा किनाऱ्यावर बसत नाही आणि बेट पाण्यात बुडालेलं किंवा पाण्यावर उचललेलं येतं. उपाय साधा आहे. बेटाभोवतीच्या समुद्रावर आठ-दहा ठिकाणी ‘आयडेंटिफाय’नं उंची वाचा आणि लहानापासून मोठ्यापर्यंत लावून मधली घ्या. सरासरी नको, कारण एखाद्या ठिकाणी बर्फाचा ढीग असला तर तो सरासरी बिघडवतो. ही मधली उंची रास्टर कॅल्क्युलेटरनं सगळ्यातून वजा करा. मग माथा तपासा. तो 168 च्या दोन-तीन मीटर आसपास आला तर ठीक. बराच फरक पडला तर वजाबाकी राहून गेली किंवा चिन्ह उलटं झालं.

समोच्च रेषा काढण्याआधी माहिती पाच मीटरच्या चौकटीवर आणा. दोन मीटर म्हणजे प्रतिकृतीवर एक मिलिमीटर. तेवढी थरथर कटरच्या पात्याला कापता येत नाही, रेषा फक्त दातेरी होते. रेषा काढल्यावर एक सेंटिमीटरहून छोटी सुटी वर्तुळं पुसून टाका.

शीट आधी मोजा, रेषा मग काढा

प्रत्येक समोच्च रेषेच्या आकाराचा एक थर कापायचा आणि थर एकावर एक चिकटवून बेट उभं करायचं. या थरांसाठी 5 मिलिमीटरचं सनबोर्ड, म्हणजे पीव्हीसीची हलकी शीट, घ्या. जांभळी नाक्याच्या बाजारात विचारा, नाहीतर दुकानांच्या पाट्या बनवणाऱ्यांकडे मिळतं. आठ बाय चार फुटांच्या दोन शीट पुरतात. थर्माकोल नको. 2018 च्या राज्याच्या बंदीत थर्माकोलची सजावट आली आहेच, शिवाय त्याला धार राहत नाही आणि स्प्रे रंगानं ते विरघळतं.

1:2000 ला 5 मिलिमीटर म्हणजे 10 मीटर. हिशोब सुटसुटीत आहे, पण पाचाची म्हणून विकलेली शीट बऱ्याचदा साडेचार-पावणेपाचच भरते. थर सोळा आहेत. प्रत्येकात 0.3 मिलिमीटर कमी पडलं तर माथ्यावर जवळपास 5 मिलिमीटर, म्हणजे दहा मीटरचा डोंगर गायब. म्हणून दुकानातच दहा तुकडे एकावर एक ठेवून पट्टीनं मोजा आणि दहानं भागा. 4.7 आलं तर समोच्च रेषांचं अंतर 10 न ठेवता 9.4 मीटर ठेवा आणि सोळाऐवजी सतरा थर कापा. क्यूजीआयएसला कुठलाही आकडा चालतो.

छपाई A0 वर करा. A1 ची रुंदी 59.4 सेंटिमीटर, बेट 60 चं. तिथेच अडतं, आणि मग प्लॉटरवाला ‘बसवून देतो’ म्हणत आकार कमी करतो. पानावर 10 सेंटिमीटरची पट्टी छापून घ्या आणि हातात पडल्याबरोबर मोजा. प्रत्येक थराच्या पानावर त्याची स्वतःची रेषा सलग असावी आणि वरच्या थराची तुटक. चिकटवताना ही तुटक रेषाच कामाला येते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पहिला थर कुठल्या रेषेवर कापायचा? बहुतेक जण शून्याची रेषा, म्हणजे किनारा, कापतात. तसं केलं की पायऱ्यांचे आतले कोपरे खऱ्या जमिनीवर येतात आणि बाहेरच्या कडा जमिनीच्या वर राहतात. पुढे पायऱ्या लिंपून बुजवल्या की सगळं बेट पाच-दहा मीटर सुजतं. म्हणून किनारा फक्त प्लायवर पेन्सिलीनं काढा आणि पहिला थर 10 मीटरच्या रेषेवर कापा. त्याचा वरचा पृष्ठभाग 10 मीटरवर, दुसऱ्याचा 20 वर, असं 160 पर्यंत. आता बाहेरच्या कडा खऱ्या जमिनीवर आहेत आणि लिंपण कडेपासून कडेपर्यंत भरलं की उतार बरोबर येतो. माथ्यावरचे उरलेले 8 मीटर, म्हणजे 4 मिलिमीटर, पुट्टीनं उठवा.

सनबोर्ड पीव्हीसीचं असतं. ते लेझरवर कापून देतो असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड निघतो. तो घशाला घातक आणि मशीनलाही. हातानं कापताना मोडत्या पात्याचा कटर घ्या. एका दमात आरपार जाऊ नका, तीन हलक्या फेऱ्या मारा. पहिल्या फेरीत फक्त रेष उमटू द्या. पातं उभं धरा. हात आत कलला तर 5 मिलिमीटर जाडीत कड एक-दीड मिलिमीटर सरकते, म्हणजे बेटावर दोन-तीन मीटर.

खालच्या थरांचं पोट कापून काढता येतं. वरच्या थराच्या कडेपासून आत किमान 4 सेंटिमीटर आधार ठेवा आणि मधला तुकडा वरच्या थरासाठी वापरा. वजनही कमी होतं आणि शीटही वाचते. जिथे रेषा एकमेकींना चिकटून आल्या आहेत, म्हणजे उभा कडा आहे, तिथे एकावर एक थर थेट भिंतीसारखे बसतात. तिथे पोट कापताना चार सेंटिमीटरची मोजणी सगळ्यात आतल्या रेषेपासून करा, नाहीतर वरचे थर आत खचतात.

पांढरा फेव्हिकॉल इथे चालत नाही. दोन पीव्हीसी पृष्ठांमध्ये पाणी उडून जायला वाट नसते, आठवड्यानंतरही थर सरकतात. रबरी गोंद घ्या, दोन्ही बाजूंना पातळ लावा, बोटाला चिकटेल पण बोटावर येणार नाही इतका सुकू द्या, साधारण दहा-पंधरा मिनिटं, मग दाबा. हा गोंद एकदा धरला की हलू देत नाही. आधी कोरडं ठेवून तुटक रेषेशी जुळवा. खिडक्या उघड्या ठेवा, गॅसजवळ हे काम करू नका. आणि दुकानदारानं सनबोर्ड म्हणून कागद चढवलेला फोमबोर्ड दिला नाही ना ते कापून पाहा, कारण रबरी गोंद त्याच्या आतला फोम खातो.

तळाला 12 मिलिमीटरचं प्लाय, 75 बाय 90 सेंटिमीटर. कापून घेण्याआधी आपल्या इमारतीच्या लिफ्टचं दार मोजा. प्लायला प्रायमर दोन्ही बाजूंनी लावा. एकाच बाजूला लावलं तर दुसरी बाजू पावसाळी हवा पिते आणि बोर्ड होडीसारखा वाकतो. बेट बसवताना उत्तरेला 10 सेंटिमीटर आणि दक्षिणेला सुमारे 15 सोडा. कारण पुढे येईल.

लिंपण

गुळगुळीत पीव्हीसीवर प्लास्टर धरत नाही, वाळल्यावर पापुद्र्यासारखं सुटतं. 60 नंबरच्या पॉलिश पेपरनं सगळ्या पायऱ्या खरवडा, मग एक भाग फेव्हिकॉल आणि तीन भाग पाण्याचा हात द्या. तो वाळला की प्लास्टर ऑफ पॅरिस: वजनानं दोन भाग पावडर, एक भाग पाणी. पावडर पाण्यात सोडायची, पाणी पावडरीवर ओतायचं नाही, नाहीतर गुठळ्या होतात. एका वेळी वाटीभरच कालवा. घट्ट व्हायला लागलेलं प्लास्टर पाणी घालून पुन्हा सैल केलं तर ते कच्चं राहतं, ते टाकून द्या.

पायरीचा कोपरा दोन-तृतीयांशच भरा. उरलेलं काम ॲक्रिलिक पुट्टीनं, एका हाताला दीड-दोन मिलिमीटरपेक्षा जाड नको, जाड थराला वाळताना भेगा पडतात. हे सगळं करताना बाहेरच्या कडा डोळ्यांना दिसत राहिल्या पाहिजेत. कड झाकली गेली म्हणजे जास्त झालं, घासून काढा. कड्यांच्या जागी पायऱ्या अजिबात गुळगुळीत करू नका. प्लास्टर अर्धं आवळलेलं असताना जुन्या ब्रशनं आडवं ओरखडा, चुनखडीचे थर तसेच दिसतात.

जुलै-ऑगस्टमध्ये ठाण्यात प्लास्टर पंख्याखालीही पाच-सहा दिवस ओलं राहतं. हाताची मागची बाजू टेकवा. गार लागलं तर आत पाणी आहे. तसाच रंग चढवला तर पांढरे डाग फुलतात. घाई असेल तर हे काम ऑक्टोबरमध्ये घ्या, हेअर ड्रायर लावू नका, वरचा पापुद्रा आधी आवळून तडकतो.

घळीतल्या घसाऱ्यासाठी, म्हणजे सुट्या दगडांच्या उतारासाठी, बांधकामावरचा कच वापरू नका, आपल्याकडे तो काळ्या दगडाचा असतो. संगमरवराची पावडर घ्या, मैद्याच्या चाळणीनं चाळा आणि गोंदाच्या पाण्यावर उतारावरून भुरभुरवा. इथे एक मिलिमीटर म्हणजे दोन मीटर, हे सतत लक्षात ठेवा. मोहरीचा दाणा या बेटावर चार मीटरचा धोंडा आहे.

रंग: पांढऱ्यात थोडा काळा आणि चिमूटभर पिवळी माती, असा उबदार फिका करडा. मग अगदी पातळ तपकिरी पाणी सोडून लगेच फडक्यानं टिपा, ते फक्त भेगांत राहतं. ऑगस्टचं दृश्य करा. त्या दिवसांत बेट उघडं खडकाळ असतं, बर्फ घळींत आणि उत्तरेकडच्या खळग्यांत राहिलेला दाखवा. टोपीसारखा पांढरा माथा नको.

समुद्र आणि बर्फ

या सामुद्रधुनीत बर्फ उत्तरेकडून, आर्क्टिक महासागरातून, दक्षिणेकडे वाहत येतो. बेट त्याच्या वाटेत उभं असतं. बर्फाचे मोठे तवे, म्हणजे सपाट तरंगते तुकडे, उत्तर किनाऱ्यावर आदळून फुटतात आणि त्यांचा चुरा तिथे रचला जातो, दक्षिणेला मात्र बेटाच्या आडोशाला उघडं पाणी राहतं. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला याच बेटावर उपकरणं लावून बर्फाच्या तव्यांचा धक्का किती जोराचा असतो ते मोजलं गेलं, समुद्रातले तेलफलाट किती भक्कम बांधायचे हे ठरवण्यासाठी. दक्षिणेला जास्त जागा सोडली ती या उघड्या पाण्यासाठी.

चार-पाच मीटर जाडीच्या जुन्या बर्फाचा सुमारे दहावा भागच पाण्यावर असतो, अर्धा मीटर. प्रतिकृतीवर तो पाव मिलिमीटर! म्हणजे कार्ड पेपरची जाडी. तेव्हा तवे कागदाचेच करा. 220 जीएसएमचा पांढरा कार्ड पेपर हातानं फाडा, कात्रीनं नको, फाटलेली कड मऊ आणि खरी दिसते. दोन-अडीच सेंटिमीटरचे पांढरे ठोकळे पाण्यात ठेवले जातात ते या प्रमाणात चाळीस-पन्नास मीटर उंच होतात. उत्तर किनाऱ्यावरचा चुरा तेवढा 2 ते 4 मिलिमीटर उंच करा, वाळलेलं प्लास्टर खलबत्त्यात भरड कुटून.

पाणी गडद निळं-काळं, त्यावर चकचकीत वॉर्निशचे दोन हात. रेझिन ओतायचा मोह होतो, पण आपल्या दमट हवेत ते दुधाळ होतं.

सरहद्दही दाखवा, तिच्यामुळेच हे बेट जगाला माहीत आहे. 1973 च्या करारात कॅनडा आणि डेन्मार्क यांनी समुद्रातली रेषा आखली, पण बेटाच्या एका बाजूला 122 व्या बिंदूवर ती थांबवली आणि दुसऱ्या बाजूला 123 व्या बिंदूपासून पुढे नेली. मधलं बेट तसंच राहिलं. पुढे दोन्हीकडून झेंडे रोवले गेले आणि 14 जून 2022 रोजी बेटावरच्या एका नैसर्गिक घळीच्या मार्गानं वाटणी ठरली. पाण्यावर दोन तुटक रेषा आणि घळीत एक लाल दोरा एवढं पुरे.

फलक आणि दिवा

फलकावर प्रमाण, उंची वाढवलेली नाही हे वाक्य, खरी उत्तर, माहितीचा स्रोत आणि अक्षांश-रेखांश लिहा. बेटाच्या माथ्यावर गोंदाचा ठिपका देऊन त्यावर खसखशीचा एकच दाणा चिकटवा आणि फलकावर लिहा: हा दाणा म्हणजे उभा माणूस. 1.7 मीटरचा माणूस इथे 0.85 मिलिमीटरचा होतो. मोठेपणा कळण्यासाठी आणखी एक ओळ घाला. 2010 च्या ऑगस्टमध्ये पीटरमन हिमनदीपासून सुटलेला सुमारे 260 चौरस किलोमीटरचा बर्फाचा तुकडा याच सामुद्रधुनीतून दक्षिणेला गेला. या प्रमाणात तो 65 चौरस मीटर, म्हणजे सातशे चौरस फुटांचा अख्खा फ्लॅट.

दिव्याची जागा मनानं ठरवू नका. ठाण्यात मेच्या मध्याला सूर्य डोक्यावर येतो आणि सावली नाहीशी होते. हान्स बेटावर 21 जूनच्या दुपारीही तो क्षितिजापासून जेमतेम 33 अंश वर असतो. आणि मध्यरात्री मावळत नाही, उत्तरेला 14 अंशांवर दिसतो. एप्रिलच्या मध्यापासून ऑगस्टच्या शेवटापर्यंत तिथे रात्रच होत नाही. दुपारसाठी एलईडी दिवा बेटाच्या मध्यापासून दक्षिणेला एक मीटर अंतरावर, टेबलापासून 64 सेंटिमीटर उंच लावा. मध्यरात्रीसाठी दुसरा दिवा उत्तरेला तेवढ्याच अंतरावर, 25 सेंटिमीटर उंच. हॅलोजन नको, त्याच्या उष्णतेनं पीव्हीसी मऊ पडतं. खोलीतली ट्यूब बंद करा आणि दोन दिवे आळीपाळीनं लावा. दुपारच्या दिव्यात सपाट वाटणारी उत्तर बाजू मध्यरात्रीच्या दिव्यात एकदम उठते, आणि कुठे पुट्टी जास्त झाली आहे तेही तिथेच दिसतं.